आजाऱ्याची खोली आणि हातावरचे पोट

साथीचा रोग दाराशी आला की शासनाचे पहिले आवाहन घराला उद्देशून असते. आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याची शुश्रूषा घरातील एकाच व्यक्तीने करावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हात साबणाने धुवावेत, ताप उतरेपर्यंत कोणी कामावर वा शाळेत जाऊ नये, अशा सूचनांची पत्रके वाटली जातात, ध्वनिवर्धकावरून त्या पुकारल्या जातात, वृत्तपत्रांतून छापल्या जातात. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम हाती घेतली, तेव्हा याच विचाराला घोषवाक्याचे रूप मिळाले. या सूचना शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहेत आणि त्या पाळल्या गेल्या पाहिजेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि त्या देताना एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. ती अशी की, घरातल्या घरात करावयाच्या या उपायांना काही खर्च येत नाही. हे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे. कारण कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात ज्यांनी या सूचना काटेकोरपणे पाळाव्यात अशी अपेक्षा असते, त्यांपैकी पुष्कळांच्या घरात वेगळी खोली नाही आणि आठवडाभर घरी बसून खाण्याइतकी शिल्लकही नाही.

करोनाची आठवण अद्याप ताजी असल्याने पुढची साथही तशीच असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु जगभर पसरणाऱ्या साथींचा इतिहास पाहिला तर इन्फ्लुएन्झा हा त्यातील सर्वांत नेमाने येणारा पाहुणा आहे. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ अशा चार वेळा या विषाणूचा नवा अवतार जगभर फिरून गेला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हा या विषाणूचे पक्ष्यांमधील रूप महाराष्ट्राच्या उंबरठ्यापर्यंत आल्याचे सर्वांनी पाहिले. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येणार नाही. ती येईल हे मात्र गृहीत धरून चालावे लागेल.

लस येईपर्यंत घरच

नव्या विषाणूवर लस तयार होण्यास अवधी लागतो, आणि तेवढा अवधी साथ थांबत नाही. २००९ चा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी ११ जूनला स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्ट रोजी या रोगाने भारतातील पहिला बळी पुण्यात घेतला. त्यानंतरच्या दिवसांत पुण्यातील शाळा-महाविद्यालये बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या आणि औषधांच्या दुकानांतील मुखपट्ट्या संपल्याने लोक रुमाल बांधून फिरू लागले. भारतात तयार झालेली लस मात्र २०१० च्या मध्यावर, म्हणजे त्या पहिल्या मृत्यूनंतर सुमारे १० महिन्यांनी, उपलब्ध झाली. तोपर्यंत साथीचे मोठे तडाखे बसून गेले होते.

याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या काही महिन्यांत समाजाच्या हाती असतात ती थोडीशी औषधे, मर्यादित खाटांची रुग्णालये आणि लाखो घरे. इन्फ्लुएन्झाचे बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात जातच नाहीत. ते घरीच आजारी पडतात आणि घरीच बरे होतात. म्हणून रोग पसरतो तोही मुख्यतः घरात, शाळेत आणि कामाच्या जागी. यांपैकी शाळा बंद करता येते, कारखानाही काही दिवस बंद ठेवता येतो. घर बंद करता येत नाही. उलट बाकी सर्व बंद झाले की घरातील गर्दी वाढते.

चक्रवाढीचे गणित

घरगुती उपाय अपुरे असतात, मग त्यांवर एवढा भर का द्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. आजाऱ्याला कितीही वेगळे ठेवले तरी घरातील कोणा ना कोणाला संसर्ग होतोच, असा बहुतेकांचा अनुभव असतो. ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर गणितात आहे.

इन्फ्लुएन्झा गोवरासारखा भडकपणे पसरत नाही. २००९ च्या साथीत एक रुग्ण सरासरीने सुमारे दीड व्यक्तींना रोग देत होता, असे अभ्यासकांचे साधारण अनुमान आहे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे रोग जाण्यास सरासरीने तीन दिवस लागतात असे धरले तर महिन्याभरात अशा १० पिढ्या होतात. पतसंस्थेतील ठेवीवर चक्रवाढ व्याज चढावे तशी ही वाढ होते. आज १०० रुग्ण असतील आणि प्रत्येक जण दीड जणांना रोग देत असेल, तर दहाव्या पिढीत नवे रुग्ण सुमारे ५,८०० होतात. घरोघरीच्या काळजीने हे दीडाचे प्रमाण केवळ एकपंचमांशाने कमी होऊन १.२ वर आले, तर दहाव्या पिढीतील नवे रुग्ण सुमारे ६२० राहतात. प्रमाण एकतृतीयांशाने घटून १ वर आले, तर साथ वाढतच नाही.

अर्धवट यश देणारे उपायही येथे मोठे फळ देतात ते यामुळे. प्रत्येक घराने शंभर टक्के यशस्वी व्हावे अशी गरज नाही. पुष्कळ घरांनी थोडे थोडे यश मिळवले तरी रुग्णालयावरचा भार एकदम कोसळत नाही आणि लस येईपर्यंतचा काळ निभावून नेता येतो. पण यातच एक अट दडलेली आहे. 'पुष्कळ घरांनी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्यांना परवडते अशा थोड्या घरांनीच हे उपाय केले, तर गुणोत्तर घटत नाही आणि त्या घरांचेही रक्षण होत नाही.

घरात नेमके काय करावे

इन्फ्लुएन्झाचा संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवसांपर्यंत रोग पसरवू शकतो. लहान मुले त्याहूनही अधिक काळ. म्हणून ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली की तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी काळजी सुरू झाली पाहिजे. हाँगकाँगमध्ये २००८ साली अडीचशेहून अधिक कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, घरातील पहिल्या रुग्णाला लक्षणे दिसल्यापासून ३६ तासांच्या आत मुखपट्टी आणि हात धुणे सुरू केलेल्या कुटुंबांत इतरांना होणारा संसर्ग कमी झाला. उशीर झालेल्या कुटुंबांत तो लाभ दिसला नाही. या रोगात वेळेला किती किंमत आहे हे यावरून कळते.

बाकीचे उपाय साधे आहेत. वेगळी खोली असेल तर उत्तम. नसेल तर खिडकीजवळचा कोपरा आजाऱ्याला द्यावा आणि इतरांनी शक्य तेवढे अंतर ठेवून, त्याच्याकडे पाय करून झोपावे. शुश्रूषा करणारी व्यक्ती एकच असावी. ती वृद्ध, गर्भवती अथवा मधुमेह, दमा, हृदयविकार यांनी आधीच त्रस्त असलेली नसावी. आजारी आणि शुश्रूषा करणारा, दोघांनीही जवळ येताना मुखपट्टी बांधावी. ताटवाटी नेहमीच्या साबणाने नीट धुतली तरी पुरते. ती फेकण्याची वा जाळण्याची गरज नाही. ताप उतरवणारी गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, म्हणजेच बाहेर पडण्याचा विचार करावा. प्रतिजैविके या विषाणूवर चालत नाहीत, ती मनानेच घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे, मुलाने पाणी वा दूध न घेणे, अथवा उतरलेला ताप खोकल्यासह पुन्हा चढणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

या यादीत न मावणारी एक गोष्ट आपल्या समाजरीतीशी निगडित आहे. कोणी आजारी पडले की भावकीने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भेटायला जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते. न गेल्यास माणुसकी नाही असा बोल लागतो. ही रीत मोडण्याची आवश्यकता नाही, तिचे रूप तेवढे बदलावे लागेल. आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसण्याऐवजी दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवणे, औषधे आणून देणे, घरातील निरोगी मुलांची सोय पाहणे, हीच साथीच्या काळातील खरी विचारपूस होय.

पावसाळ्यातील घर

ही सर्व सूचनावली वाचून झाल्यावर एखाद्या प्रत्यक्ष घराकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती आणि आणखी सुमारे ३२ टक्के कुटुंबांकडे दोनच खोल्या होत्या. म्हणजे दहापैकी जवळजवळ सात घरांत 'वेगळी खोली' याचा अर्थ घरातील इतर सर्वांनी दुसऱ्या एका खोलीत दाटीवाटीने राहणे, किंवा वेगळेपणाचा विचारच सोडून देणे, असा होतो.

त्यात भारतात इन्फ्लुएन्झाचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस वाढतो. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्टमधील पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना 'खिडक्या उघड्या ठेवा' या सूचनेची अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पेठांतील एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांत ओले कपडे आतच वाळत असतात, ओल भिंतींवर चढत असते. त्याच दिवसांत पंचगंगा पात्राबाहेर आली तर नदीकाठच्या कुटुंबांना ते घरही सोडावे लागते. जुलै २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरली नसतानाच जिल्ह्याला महापुराने वेढले. घरातल्या घरात विलगीकरण करण्याचा उपदेश घरच पाण्याखाली गेलेल्या माणसाला कसा लागू पडावा? हिवाळ्याची गोष्टही निराळी नाही. त्या दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो आणि मराठवाड्यातून आलेली ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहत असतात. कोपीला वेगळी खोली नसते आणि तोडीला खाडा परवडत नाही.

खाड्याची किंमत

हा खाडाच प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. इचलकरंजीतील यंत्रमाग कामगाराची मजुरी त्याने विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. माग चालला तर मजुरी; माग थांबला तर काही नाही. बांधकामावरील गवंडी व बिगारी, भाजी विकणारी बाई, धुणीभांडी करणारी मोलकरीण, रिक्षाचालक, हॉटेलातील वाढपी या सर्वांची स्थिती थोड्याफार फरकाने हीच आहे. समजा, अशा एखाद्या माणसाची दिवसाची कमाई ६०० रुपये आहे. ताप आल्यावर तो पाच दिवस घरी राहिला तर ३,००० रुपये बुडतात, शिवाय औषधांचा खर्च येतो तो वेगळाच. घरभाडे, उसनवारी, बचत गटाचा हप्ता यांपैकी काहीही त्या आठवड्यात थांबत नाही. तो माणूस गोळी घेऊन ताप दाबतो आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो आपल्या कुटुंबाची जबाबदारीच पार पाडत असतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य लाभाचा प्रश्न आहे. आजारी कामगार घरी राहिला तर त्याचा खर्च सर्वस्वी त्याच्या घरावर पडतो. त्यापासून होणारा लाभ मात्र मागावरील सोबत्यांना, त्यांच्या मुलांना, त्या मुलांच्या शाळेला आणि अखेरीस सबंध गावाला मिळतो. ज्या कृतीचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा असतो, ती कृती समाजाला हवी तेवढ्या प्रमाणात आपोआप घडत नाही. अशा वेळी केवळ उपदेश पुरत नाही. खर्चातील वाटा लाभधारकांनी उचलावा लागतो. गावचा बंधारा एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने बांधावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. साथीला घातलेला बांध मात्र प्रत्येकाने आपापल्या खर्चाने बांधावा, असे आपण सहज म्हणून जातो.

हे तत्त्व नवे नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली राज्य कामगार विमा योजना आजारपणात मजुरीच्या सुमारे ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत देते. संघटित कारखान्यांतील कामगाराला तिचा आधार असतो. पण ज्यांना त्या आधाराची सर्वाधिक निकड आहे, ते असंघटित कामगार बहुतांशी तिच्या कक्षेबाहेरच राहिले आहेत. शिरोली वा गोकुळ शिरगावच्या एखाद्या मोठ्या फाउंड्रीतील कायम कामगार आजारी पडला तर त्याला काही मिळते. त्याच फाउंड्रीच्या फाटकाबाहेर चहाची गाडी लावणाऱ्याला काही मिळत नाही. विषाणू मात्र दोघांत भेद करीत नाही.

शुश्रूषेचे ओझे

घरगुती उपायांचा आणखी एक खर्च आहे. तो कोणत्याही जमाखर्चात लिहिला जात नाही. 'शुश्रूषा एकाच व्यक्तीने करावी' असे पत्रकात छापलेले असते. ती एक व्यक्ती कोण, हे छापलेले नसते. कारण ते सर्वांना ठाऊक असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत असल्याचे दिसले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटांची होती. सामान्य दिवसांची ही स्थिती असेल, तर घरात दोघे-तिघे अंथरुणाला खिळल्यावर काय होत असेल याची कल्पना करता येते.

शुश्रूषेत केवळ श्रम नसतात, धोकाही असतो. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. आपापल्या घरात अशाच रीतीने गेलेल्या असंख्य स्त्रियांची नोंद कोठेही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात भारतातील स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात झाले. घरातील आजाऱ्यांची सेवा त्यांच्यावर पडणे आणि स्वतः आजारी पडल्यावर मात्र त्यांना विश्रांती व पोटभर अन्न न मिळणे, ही त्याची कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत. आजारातून उठणाऱ्या व्यक्तीने आधी आपले काम आपण करणे आणि निरोगी पुरुषांनी चूल व धुणे वाटून घेणे, हीदेखील साथनियंत्रणाचीच बाब समजली पाहिजे.

१९१८ आणि १८९७ चे धडे

घरांची विषमता साथीत कोणते रूप घेते, हे मुंबईने १९१८ मध्ये पाहिले. त्या वर्षी जूनमध्ये बंदराच्या बाजूने शहरात शिरलेला इन्फ्लुएन्झा प्रथम सौम्य वाटला. सप्टेंबरमध्ये तो परतला तो प्राणघातक होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू झाले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्याचे भाव कडाडले होते. अर्धपोटी शरीरांवर रोगाने घाला घातला. आरोग्य खात्याच्या तत्कालीन आकडेवारीनुसार शहरातील युरोपियनांमध्ये इन्फ्लुएन्झाने मृत्यूचे प्रमाण हजारी ८.३ होते, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि कनिष्ठ लेखल्या गेलेल्या जातींत ६१.६. विषाणू एकच, शहर एकच, आठवडेही तेच. मोकळ्या हवेचे घर, पुरेसे अन्न आणि अंथरुणावर पडून राहण्याची सवड कोणाला होती व कोणाला नव्हती, हा फरक त्या आकड्यांत उतरला आहे. देशभरातील मृतांचा अंदाज सुमारे सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत केला जातो. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे हे प्रमुख कारण.

दुसरा धडा त्याआधीचा, १८९७ चा आहे. त्या वर्षी साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. रुग्ण शोधण्याचा हेतू कितीही योग्य मानला, तरी स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरलेल्या त्या बुटांनी लोकांचा विश्वास तुडवला. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हा असंतोष होता. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले, पुढे रुग्णांच्या दारावर फलक लागले. हेतू चांगला होता. परंतु वाळीत टाकले जाण्याच्या भीतीने अनेकांनी ताप लपवला, हेही सर्वांनी पाहिले. पहिल्या ३६ तासांना एवढे महत्त्व असलेल्या रोगात आजार लपवला जाणे, हीच सर्वांत मोठी हानी होय. ज्याला आजार सांगितल्याने शिक्षा मिळते, तो सांगत नाही. ज्याला त्याने मदत मिळते, तो सांगतो.

कोल्हापूरने काय करावे

या सर्वांतून निघणारे निष्कर्ष अवाढव्य खर्चाचे नाहीत. पहिला आणि मुख्य म्हणजे साथीच्या काळापुरता आजारपणाच्या मजुरीचा निधी. राज्य शासन, महानगरपालिका व जिल्हा परिषद आणि उद्योजकांच्या संघटना यांनी त्यात वाटा उचलावा. साथ जाहीर होताच असंघटित कामगाराला तापाच्या पाच दिवसांसाठी एक ठरावीक रक्कम मिळावी. प्रमाणपत्राची अट आशा सेविकेच्या नोंदीपुरती असावी. अर्ज, दाखले आणि हेलपाटे यांत पहिले ३६ तास निघून गेले तर त्या निधीचा उपयोग नाही. सहकारी पतसंस्था, दूध संस्था आणि विकास सोसायट्या यांचे जाळे या जिल्ह्यात गावोगाव पसरलेले आहे. दूध उत्पादकाचा हिशेब नियमितपणे त्याच्या हाती पोहोचवू शकणारी यंत्रणा आजारपणाची मजुरीही पोहोचवू शकेल.

यावर आक्षेप येईल की, लोक खोटे आजारी पडतील. काही पडतीलही. पण ही सोय केवळ साथीच्या महिन्यांपुरती आहे आणि रक्कम पूर्ण कमाईपेक्षा कमी ठेवता येईल. शंभरांत दहांनी गैरफायदा घेतला तरी उरलेले नव्वद खरे रुग्ण घरी राहतात. चक्रवाढीचे गणित ध्यानात घेतले तर हा व्यवहार तोट्याचा ठरत नाही. रुग्णालयातील एकेका अत्यवस्थ रुग्णावर होणारा खर्च आणि सबंध जिल्ह्याची टाळेबंदी यांच्या तुलनेत तर नाहीच.

दुसरी गोष्ट जागेची. ज्यांच्या घरी कोपराही नाही, अशा सौम्य रुग्णांसाठी वस्तीजवळच हवेशीर निवाऱ्याची सोय हवी; ती सक्तीची नसावी. शाळांच्या इमारती, मंगल कार्यालये यांची यादी साथ येण्यापूर्वीच तयार असावी, आणि ती पूररेषेच्या बाहेरील असावी. पुरातील निवारा केंद्रांतही तापाच्या रुग्णांसाठी वेगळी खोली पहिल्या दिवसापासून राखावी. तिसरी गोष्ट साहित्याची. साबण, काही मुखपट्ट्या, तापमापक, ताप उतरवणाऱ्या गोळ्या आणि क्षार-संजीवनीची पाकिटे एवढी एक पिशवी शिधावाटप दुकानांमार्फत घरोघर देता येईल. चौथी गोष्ट शाळांची. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस देण्याची प्रथा अजूनही अनेक शाळांत आहे. तापातही मुलाला शाळेत पाठवणे म्हणजे शिस्त, असा धडा त्यातून मिळतो. ती प्रथा थांबवावी. त्याला तर एक पैसाही लागत नाही.

आणि शेवटी मनुष्यबळाची. कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमींना आणि तरुण मंडळांना कोणी बोलवावे लागत नाही. महापुरात आणि २०२० च्या टाळेबंदीत धावून आलेले हात त्यांचेच होते. त्या उत्साहाला आधीपासून थोडे शिक्षण मिळाले, म्हणजे डबा दाराबाहेर ठेवून मागे कसे यावे, धोक्याची लक्षणे कोणती, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी कशी ठेवावी, हे शिकवले गेले, तर गल्लीतील प्रत्येक घराला वेगळी खोली नसली तरी वेगळा आधार मिळेल.

आजारी माणसाने घरी राहावे, ही अपेक्षा योग्य आहे. परंतु त्याने घरी राहावे यासाठी त्याची चूल पेटती राहील, याची तजवीज गावाने केली पाहिजे. कुटुंबाची जबाबदारी कुटुंबाने घ्यावी हे खरे. पण त्या कुटुंबाने सर्वांच्या वतीने घरी बसून जो तोटा सोसला, त्याची जबाबदारी सर्वांची आहे. पुढची साथ येईल तेव्हा पत्रके पुन्हा वाटली जातील. त्या पत्रकाच्या तळाशी आजारपणाची मजुरी कोठे आणि कोणाकडे मिळेल, ही एक ओळ अधिक छापलेली असेल, तर वरच्या सर्व ओळी पाळल्या जाण्याची आशा धरता येईल.